तोच प्लग पुन्हा का निघतो?

मेळघाट पाहायला येणारे पुष्कळ प्रवासी बडनेरा जंक्शनवर उतरतात. स्टेशनाबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. परतवाड्यावरून घाट चढून त्या चिखलदऱ्याला नेऊन सोडतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अशीच एक गाडी आहे. टर्बो बसवलेले डिझेल इंजिन, सात माणसे आणि टपावर सामान. गाडी जुनी घेतलेली, तीही कर्ज काढून. गाडी उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात ही गाडी अडीच महिन्यांत तीन वेळा बंद पडली. तिन्ही वेळा निदान एकच झाले, 'वेल्च प्लग गेला'. हा प्लग म्हणजे पत्र्याची एक वाटी, चहा-नाश्त्याच्या पैशांत येणारी. तिसऱ्या वेळी एका गॅरेजवाल्याने सांगितले, की इंजिनच बदला, ब्लॉक खराब झालाय. खर्चाचा आकडा लाखावर गेला. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, गाडी इकून टाकू का जी?"

मी मोटार मेकॅनिक नाही. तीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले एवढेच. पण 'तोच भाग पुन्हा पुन्हा निकामी होतो' हे वाक्य ऐकले, की मला ते गाडीबद्दलचे न वाटता प्रयोगवहीतले वाटते. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघे आणि एक जुना मिस्त्री या प्लगच्या मागे लागलो. त्यात आठवी ते दहावीचे इतके विज्ञान भरलेले निघाले, की ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटले.

भोक असतेच कशाला?

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा ओतलेला असतो. सिलिंडरच्या भोवती पाणी खेळायला पोकळ्या लागतात. ओतकामात पोकळी हवी असेल, तर साच्यात वाळूचा गाभा बसवावा लागतो. वितळलेले बीड गाभ्याभोवती पसरते आणि थिजते. मग आतली वाळू बाहेर काढायची कशी? त्यासाठी, आणि ओतताना गाभा जागेवर धरून ठेवण्यासाठी, ब्लॉकच्या कडेला वाटोळी भोके ठेवावी लागतात. ओतकाम साफ झाले, की ही भोके तासून नेमक्या मापाची करतात आणि पत्र्याच्या प्लगने बुजवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेल्च मोटर कार कंपनीत हा प्लग निघाला, म्हणून तो वेल्च प्लग.

थंड देशांत याला 'फ्रीझ प्लग' असेही म्हणतात. कडाक्याच्या थंडीत ब्लॉकमधले पाणी गोठले, की ते सुमारे ९ टक्के फुगते, आणि अशा वेळी हा प्लग निघून ब्लॉक वाचवतो, असा समज आहे. कधी तसे घडतेही. पण प्लग त्यासाठी बसवलेला नसतो, आणि प्लग जागेवर राहून ब्लॉकच फुटल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. इथे प्लग गेला, तर कारण दुसरीकडेच शोधायला हवे.

प्लग दोन तऱ्हेचे असतात. एक बशीसारखा. तो भोकात ठेवून मध्यावर ठोका दिला, की चपटा होऊन कडेला पसरतो आणि घट्ट बसतो. दुसरा वाटीसारखा. याची कड भोकापेक्षा किंचित मोठी असते, आणि तो दाबून आत घालावा लागतो. वाटीच्या मध्यावर हातोडी मारली तर ती वाकडी होते. आमच्या गाडीचे प्लग वाटीचे होते. त्यांना ना आटे, ना बोल्ट. नुसते घर्षण त्यांना धरून ठेवते.

किती जोर लागतो?

हा हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. भोकाचा व्यास ३५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९.६ चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर १.१ हा आकडा छापलेला होता. याचा अर्थ, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १.१ किलोने वाढेपर्यंत झाकण तो धरून ठेवते; त्याहून वाढला, की झाकणातली स्प्रिंग उचलली जाऊन जादा दाब निघून जातो. ९.६ ला १.१ ने गुणले, की साडेदहा किलो येतात. गरम इंजिनात प्रत्येक प्लगला आतून एवढा रेटा सतत असतो. इंजिन जोरात फिरत असताना पंपाच्या जोरामुळे ब्लॉकमध्ये तो आणखी थोडा वाढतो.

दाब मुद्दाम का ठेवायचा? दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. बाहेरच्या हवेपेक्षा १.१ किलो जास्त दाबाखाली साधे पाणी सुमारे १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचेच तत्त्व. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९६-९७ अंशांनाच उकळते, आणि घाट चढताना इंजिन तर सर्वांत जास्त उष्णता टाकत असते. टर्बोने त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त इंधन जाळता येते. जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा धुरावाटे, आणि उरलेल्यातला बराचसा या पाण्यात. म्हणून ताकदवान इंजिनात पाण्याची ही व्यवस्था काठोकाठ चालते, आणि साध्या इंजिनाने जो दोष वर्षभर पोटात घातला असता, तो इथे आठवड्यात बाहेर येतो.

(जाता जाता एक सूचना. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी शंभराच्या वर तापलेले पाणी एकदम उकळून अंगावर येते. घाटात असे भाजलेले लोक मी पाहिले आहेत.)

साडेदहा किलो हे काही फार नव्हेत. वाटी नीट बसली असेल, तर ती काढायला मिस्त्रीला छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. मग ती आपोआप का निघावी? तीनच शक्यता उरतात. वाटी कुजली, किंवा तिची पकड गेली, किंवा आतला रेटा ठरल्यापेक्षा फार वाढला. या तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. 'प्लग गेला' या दोन शब्दांत मात्र तिन्ही एकत्र होतात. गोंधळ तिथून सुरू झाला होता.

जुन्या प्लगांची साक्ष

आमच्या नशिबाने त्याने तिन्ही जुने प्लग डिकीतल्या डब्यात ठेवले होते. मी ते टेबलावर वर्तमानपत्रावर ओळीने मांडले.

पहिला एप्रिलमधला. हा निघाला नव्हताच. जागेवर राहून थेंबथेंब गळत होता, म्हणून मिस्त्रीने काढला. बाहेरून बरा दिसत होता. आतून मात्र तांबूस पोपडे, आणि उजेडासमोर धरला तर सुईच्या टोकाएवढी तीन छिद्रे. दुसरा मे महिन्यातला, घाटात निघालेला. हा कोरा करकरीत, कुठे छिद्र नाही. फक्त कडेला भोवती एक घासल्याची चकचकीत रेघ. तो सरकत सरकत बाहेर आला होता. तिसराही अखंडच होता.

म्हणजे पहिला एका रोगाने गेला आणि पुढचे दोन दुसऱ्याच. एकाच नावाखाली दोन दुखणी होती.

दुसऱ्या प्लगबद्दल मला आधी मापाची शंका आली. बाजारात ३५ मिलिमीटरचे प्लग मिळतात, तसे १ ३/८ इंचाचेही. इंचाचे गणित करून पाहा: २५.४ गुणिले १.३७५, म्हणजे ३४.९२५ मिलिमीटर. फरक ०.०७५ मिलिमीटरचा, आपल्या केसाच्या जाडीएवढा. नजरेला दोन्ही एकच. पण वाटीची सारी पकड ती भोकापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर मोठी असण्यावर अवलंबून असते. त्यातून केसभर वजा झाले, तर पकड चांगलीच ढिली होते.

हे मोजायचे कसे? शाळेतल्या व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर, त्याला हा फरक कळणारच नाही. स्क्रू गेजला ०.०१ कळते, पण शाळेतल्या स्क्रू गेजचा जबडा २५ मिलिमीटरच्या पुढे उघडत नाही. उपकरणाचा लघुत्तम माप आणि त्याचा पल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले. अडलो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. शेवटी एका लेथवाल्याकडचा मोठा मायक्रोमीटर वापरला. दुसरा प्लग इंचाचा निघाला.

मी खूश झालो. उत्तर सापडले असे वाटले. पण विद्यार्थी म्हणाला, "सर, तिसरा प्लग त्या भोकातला नाही जी. बाजूच्या भोकातला हाय. कंपनीचाच होता तो, कोनी हात नव्हता लावला."

माझी मापाची उपपत्ती इथे अडकली. ज्या प्लगला कुणी हात लावला नव्हता, मापही बरोबर होते, तोही निघाला. चुकीचे माप हे दुसऱ्याच्या बाबतीत खरे होते. पण तेवढ्याने भागत नव्हते. आत रेटा वाढला होता. आणि मिस्त्रीने आणखी एक गोष्ट आठवून सांगितली. पहिल्या बिघाडानंतर जुने होजपाइप फुगलेले दिसले, म्हणून त्याने ते सगळे नवे, जाड विणीचे घातले होते. पूर्वी जादा दाब आला, तर होजपाइप फुगायचे आणि जोडातून पाणी झिरपायचे. आता ती वाट बंद झाली, आणि सर्वांत कमजोर जागा म्हणून प्लग उरला. साखळीतली एक कडी बदलली, की तुटण्याची जागा दुसरीकडे जाते.

दाब कुठून येतो?

बंद व्यवस्थेतला दाब दोन तऱ्हांनी वाढतो. पाणी तापून फुगते आणि वाफ धरते, ही एक. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात शिरतो, ही दुसरी. डिझेल सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी दाब शंभर वातावरणांच्या वर जातो. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये हेड गॅस्केटची एक पातळ भिंत असते. तिला केसाएवढी जरी वाट सापडली, तरी प्रत्येक ठोक्याला थोडा वायू पाण्यात जातो.

दोन्ही कारणे वेगळी ओळखायची कशी? इथे एक सोपी युक्ती आहे. पहिल्या तऱ्हेचा दाब इंजिन तापल्यावर येतो, दुसऱ्या तऱ्हेचा थंड असतानाच येतो. म्हणून तिसऱ्या प्लगाच्या जागी योग्य मापाचा नवा बसवून, पाणी भरून, गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी झाकण एकदा उघडून पुन्हा लावले, म्हणजे आत शिल्लक दाब नको. इंजिन सुरू केले, आणि वरचा होजपाइप मुठीत धरून उभा राहिलो. दोन-तीन मिनिटांत तो हाताला कडक लागू लागला. पाइप अजून थंडच होता.

आता रासायनिक पुरावा. वायू ज्वलनाचा असेल, तर त्यात कार्बन डायऑक्साइड हवा. गॅरेजांत यासाठी एक निळे द्रावण मिळते. ते असते ब्रोमोथायमॉल ब्ल्यू, आपल्या प्रयोगशाळेतला दर्शक. कार्बन डायऑक्साइड विरघळला, की आम्ल तयार होऊन निळा रंग हिरवट आणि मग पिवळा होतो. चुन्याची निवळीही चालते. टाकीतले पाणी थोडे कमी केले, तोंडावर रबरी बूच बसवले आणि रक्तदाबाच्या यंत्रातल्या रबरी फुग्याने टाकीतली हवा ओढून द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपात सोडली. डिझेल इंजिन नुसते गुरगुरत असताना खूप हवा आणि थोडे इंधन घेते. तेव्हा धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. म्हणून पाच मिनिटांत रंग बदलला नाही, की 'नाही' म्हणून मोकळे होऊ नये. आम्ही इंजिनाचा वेग वाढवून दहा-बारा मिनिटे धीर धरला. निळा रंग आधी शेवाळी झाला, मग पिवळा. तुलनेसाठी शेजारच्या एका निरोगी गाडीवर हाच प्रयोग केला. तिथे तो निळाच राहिला. ही तुलना केली नसती, तर पहिल्या निकालाला फारसा अर्थ नव्हता.

पण एक कोडे उरतेच. वायू शिरला तरी जादा दाब झाकणातून निघून जायला हवा होता. झाकण हातपंपावर लावून पाहिले. १.१ ला उघडायला हवे ते १.६ ला देखील हलेना. वळवून पाहिले, तर स्प्रिंगखालच्या रबरी चकतीभोवती पांढरट खडा बसला होता. चहाच्या पातेल्यात बसतो तसा.

पांढरा खडा आणि तांबडी वाटी

तो खडा पाहिल्यावर मी विचारायला हवा तो प्रश्न विचारला. गाडीत पाणी कुठले घालतोस? त्याचे घर भातकुलीकडे. घरच्या बोअरचे पाणी. कूलंट महाग पडते, म्हणून कधी अर्धा डबा, कधी तेही नाही.

वऱ्हाडातल्या वाचकांना आता पुढचे सांगायला नको. पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. भातकुली, दर्यापूर ही त्यातलीच नावे. जमिनीखालचे पाणी खारे, कित्येक विहिरींचे तर तोंडात धरवत नाही. पिकांचे आणि किडनीचे प्रश्न म्हणून या पाण्याची चर्चा आपण नेहमी ऐकतो. इंजिनाची तब्येत तिच्यात सहसा येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणीच नसेल, तर १००० पर्यंत चालवून घेतात. मोठी डिझेल इंजिने बनवणारे मात्र ४० मिलिग्रॅमच्या आसपासच थांबा म्हणतात. म्हणजे गोड म्हणून आपण पितो तेही पाणी इंजिनाला पुष्कळदा खारेच. लोखंडावर कूलंटमधली रसायने जो संरक्षक पापुद्रा धरतात, तो क्लोराइडचे आयन जागोजागी भेदतात, आणि तिथे बारीक खड्डे पडतात. ब्लॉकची भिंत काही मिलिमीटर जाड, ती वर्षानुवर्षे टिकते. प्लगचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, खालच्या अंगाला, जिथे पाणी संथ आणि गाळ साचलेला. भोक पडणार तर तिथेच.

त्या बोअरचे पाणी मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. परीक्षानळीत दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल (नाहीतर कार्बोनेटही पांढरा साका देतात आणि आपण फसतो), मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा दाट पांढरा साका बसला. बडनेऱ्यातल्या नळाच्या पाण्यात नुसता धूसरपणा आला; इन्व्हर्टरच्या दुकानातल्या ऊर्ध्वपातित पाण्यात काहीच नाही. तीन नळ्या शेजारी ठेवल्यावर विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही.

आता कहाणी उलट्या क्रमाने लावता आली. खाऱ्या पाण्याने पहिला प्लग सुईच्या टोकाएवढा कुजला. थेंबथेंब गळून पाणी कमी झाले, आणि कुणाच्या लक्षात येण्यापूर्वी इंजिन एक-दोनदा जास्त तापले. हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम त्याच तापमानाला जवळपास दुप्पट प्रसरण पावते. हेड किंचित वाकले, गॅस्केटची पकड एका जागी सुटली, वायू पाण्यात जाऊ लागला. त्याच पाण्यातल्या क्षारांनी झाकण जाम केलेले, होजपाइप नवे. मग आधी चुकीच्या मापाचा प्लग गेला आणि त्याच्यामागून बरोबर मापाचा. पहिल्या बिघाडाचा परिणाम दुसऱ्या बिघाडाचे कारण झाला होता.

हेड उतरवल्यावर हे डोळ्यांनी दिसले. दुसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर काजळीची एक बारीक वाट. हेडवर सरळ पट्टी ठेवली, तर मध्ये ०.१५ मिलिमीटरची फीलर पात गेली. ब्लॉकला मात्र काहीही झालेले नव्हते. हेड तासून घेतले, गॅस्केट नवे, झाकण नवे, सगळे प्लग काढून ३५ मिलिमीटरचेच बसवले. भोकांच्या कडा आधी तपासल्या. जुना प्लग स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना एका भोकात ओरखडा पडला होता, तो घासून सारखा केला. पितळी प्लग घ्यावेत का, यावर थोडा वाद झाला. पितळ स्वतः कमी गंजते. पण बीड आणि पितळ खाऱ्या पाण्यात शेजारी आले, की विद्युतघट तयार होऊन बीड झिजते. पाणी चांगले ठेवायचे असेल, तर जस्ताच्या मुलाम्याचा पोलादी प्लग पुरतो, असे ठरले. एकूण खर्च नव्या इंजिनाच्या आकड्याच्या आठव्या हिश्शाच्या आत बसला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, तीही सांगतो. मिस्त्रीने सुचवले म्हणून बॅटरीचे ऋण टोक आणि टाकीतले पाणी यांच्यात व्होल्टमीटर लावून पाहिला. साधारण ०.३ व्होल्टच्या वर काटा गेला, तर भटका विद्युतप्रवाह पाण्यातून वाट काढतोय असे समजतात, आणि तोही धातू खातो. आमच्या गाडीत इंजिन बंद असताना ०.२ आले, हेडलाइट लावून स्टार्टर फिरवला, तेव्हा ०.४. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली होती. ती घासून घट्ट केल्यावर आकडा खाली आला. पण पहिल्या प्लगच्या तीन छिद्रांत या प्रवाहाचा वाटा किती आणि क्लोराइडचा किती, हे आता कळायला मार्ग नाही. कारण आम्ही दोन्ही एकाच आठवड्यात दुरुस्त केले. हप्ता चुकत होता, थांबायला वेळ नव्हता.

गाडी त्यानंतर पावसाळ्यापूर्वीच पुन्हा स्टेशनावर लागली. आता कूलंट आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मे-निम्मे असते. डिकीत त्याचा एक कॅन असतो, त्यावर त्याने रंगाने 'पिऊ नये' असे लिहून ठेवले आहे. ते बरे केले. कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. ते तीन प्लग मी मागून घेतले. ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीशेजारी ठेवले आहेत.